ओळख असेल तरच संसद?

कॉलेजची दिल्ली ट्रिप कशी असते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तीन दिवस दिल्ली, एक दिवस आग्रा, बजेट जमलं तर पुढे मनाली. कुतुबमिनार, लाल किल्ला, लोटस टेंपल, सरोजिनी नगरमध्ये दोन तास घासाघीस आणि संध्याकाळी इंडिया गेट. तिथून बस राष्ट्रपती भवनाच्या दिशेने निघते, गाइड माइकवर 'राइट साइड में पार्लमेंट' असं म्हणतो, अर्धी बस डावीकडे बघत असते आणि उरलेली अर्धी झोपलेली असते. कुणीतरी काचेतून एक हलका फोटो काढतं. झाली संसद बघून!

स्टडी टूर म्हणून फॉर्मवर लिहिलेल्या या ट्रिपमध्ये पॉलिटिकल सायन्सचे विद्यार्थीही असतात, बरं का. ज्या विषयात 'संसदेची रचना व कार्ये' हा सोळा मार्कांचा प्रश्न हमखास येतो, त्या विषयाचे.

माझं म्हणणं साधं आहे. दिल्लीला जाल तेव्हा संसद आतून बघा. आणि नुसती इमारत नको, अधिवेशन चालू असताना प्रेक्षक गॅलरीत बसून बघा. पण हे म्हटलं की लगेच दुसरी गोष्टही म्हणावी लागते, कारण तुम्ही विचारणारच, 'जायचं कसं?' उत्तर ऐकून तुमचा उत्साह थोडा मावळेल. गॅलरीचा पास तुम्हाला स्वतःहून काढता येत नाही. तो खासदाराच्या शिफारशीवर मिळतो. आणि शिफारस करताना खासदाराने असं लिहून द्यायचं असतं की ही व्यक्ती माझी नातेवाईक आहे, मित्र आहे किंवा माझ्या व्यक्तिगत परिचयाची आहे आणि तिची जबाबदारी मी घेतो.

आता जरा हिशेब करा. महाराष्ट्रात लोकसभेचे ४८ मतदारसंघ. २०२४च्या निवडणुकीत एकेका मतदारसंघात सरासरी १९ लाखांच्या आसपास मतदार होते. एवढ्या माणसांपैकी खासदारांच्या 'व्यक्तिगत परिचयाचे' कोण असणार? पक्षाचे कार्यकर्ते, पाहुणेरावळे, कंत्राटदार, संस्थाचालक आणि त्यांची मुलं. गडचिरोलीच्या एखाद्या वसतिगृहात राहून बी.ए. करणारी मुलगी त्यात कुठून येणार? तिनेही मत दिलेलं असतं. कदाचित आयुष्यातलं पहिलंच मत.

याच परिसरात हाकेच्या अंतरावर राष्ट्रपती भवन आहे. देशाच्या प्रमुखांचं राहतं घर! ते बघायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. संकेतस्थळावर जायचं, दिवस आणि वेळ निवडायची, ओळखपत्राचा तपशील भरायचा, पैसे भरायचे, झालं. म्हणजे ज्यांना आपण थेट निवडून देत नाही त्यांच्या घरात आपण नागरिक म्हणून जाऊ शकतो, आणि ज्यांना आपण रांगेत उभं राहून, बोटाला शाई लावून निवडून देतो त्यांचं काम बघायला मात्र 'ओळख' लागते. मला हे उलटं वाटतं. तुम्हाला नाही वाटत?

यावर लगेच येणारं उत्तर म्हणजे सुरक्षा. ते उत्तर पोकळ नाही. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्मही झालेला नव्हता. त्या दिवशी दारांवर उभ्या असलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी आणि आवारात काम करणाऱ्या एका माळ्याने जीव गमावला, पण हल्लेखोरांना आत घुसता आलं नाही. हे कधीच हलक्यात घ्यायचं नाही. त्यानंतर बरोबर बावीस वर्षांनी, १३ डिसेंबर २०२३ला, दोन तरुण प्रेक्षक गॅलरीतून थेट लोकसभेच्या सभागृहात उतरले आणि पिवळा धूर सोडला. त्याच वेळी बाहेर धूर सोडणाऱ्यांमध्ये एक तरुण आपल्या लातूर जिल्ह्यातला होता. तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. बाकांवरून उड्या मारत जाणारा मुलगा आणि त्याला पकडायला धावलेले खासदार. त्या वेळी नव्या इमारतीत कामकाज सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्यानंतर गॅलरीचे पास काही काळ बंदच झाले आणि २०२४मध्ये आवाराच्या सुरक्षेची जबाबदारी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. विमानतळांवर दिसतात तेच जवान.

पण एक गोष्ट नीट बघा. ते दोन तरुण भिंतीवरून उडी मारून आत आले नव्हते. त्यांच्याकडे पास होते, आणि ते पास एका खासदाराच्या शिफारशीवरच मिळालेले होते. म्हणजे 'ओळखी'ची चाळणी पार करूनच ते आत बसले होते. फेल गेली ती शिफारशीची पद्धत, आणि दारावरची तपासणी, जी धुराच्या नळकांड्या शोधू शकली नाही. या दोन्हींमधली तपासणी सुधारता येते, सुधारायलाच हवी. शिफारशीने मात्र सुरक्षा कधीच वाढत नाही. खासदार काय, कुणाच्या खिशात काय आहे हे सही करताना थोडंच बघतो?

लंडनचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. २००४ साली ब्रिटिश संसदेच्या प्रेक्षक गॅलरीसमोर सुरक्षेसाठी काच बसवण्यात आली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, मे महिन्यात, पंतप्रधान टोनी ब्लेअर प्रश्नांना उत्तरं देत असताना गॅलरीतून जांभळ्या पुडीचा मारा झाला आणि एक पुडी थेट त्यांच्या पाठीवर फुटली. काच असताना हे झालं कसं? तर मारा करणारे काचेच्या पुढच्या जागांवर बसले होते. त्या जागा खास पाहुण्यांसाठी राखलेल्या, वरिष्ठ सभागृहातल्या एका सदस्येच्या नावावर मिळालेल्या. सामान्य माणसं काचेमागे आणि 'ओळखीची' माणसं काचेपुढे! शिफारस म्हणजे सुरक्षा नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार?

आणि यानंतर त्यांनी गॅलरी बंद केली का? नाही. आजही लंडनला गेलात तर वेस्टमिन्स्टरमध्ये रांगेत उभं राहून, तपासणी करून घेऊन, एक पैसाही न देता तुम्ही वादविवाद ऐकू शकता. तुम्ही, म्हणजे भारताचा पासपोर्ट असलेला पर्यटकसुद्धा. पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांना गर्दी फार असते, तिथे आधी तिकीट असलेल्यांना प्रवेश मिळतो. बाकी दिवशी नंबर लागतो. मास्टर्ससाठी तिकडे गेलेला तुमचा एखादा सीनियर असेल तर विचारून बघा. कदाचित त्याने तिकडची संसद बघितली असेल आणि इकडची नाही.

बर्लिनची गोष्ट आणखी पुढची. राइशस्टाग ही तिथली जुनी इमारत. युद्धात खिळखिळी झालेली, नंतर बर्लिनच्या भिंतीला अगदी खेटून उभी राहिलेली. १९९९मध्ये जर्मन संसद तिथे परत आली, तेव्हा नॉर्मन फॉस्टर या ब्रिटिश वास्तुविशारदाने तिच्या डोक्यावर काचेचा घुमट बसवला. त्या घुमटात गोल गोल चढत जाणारा रस्ता आहे आणि त्यावरून लोक चालतात. खाली बघितलं की सभागृहातल्या खुर्च्या दिसतात. खासदार खाली आणि जनता त्यांच्या डोक्यावर. मुद्दामच तसं केलंय. २०१०मध्ये दहशतवादी हल्ल्याच्या इशाऱ्यानंतर तो घुमट बंद करावा लागला होता, पण काही आठवड्यांतच तो पुन्हा उघडला. फरक एवढाच की आता आधी आपलं नाव नोंदवावं लागतं. लक्षात घ्या, आपलं नाव आपणच नोंदवायचं. कुणा खासदाराने 'हा माझ्या परिचयाचा' असं म्हणायची गरज नाही. प्रवेश फुकट.

सगळीकडे असंच गोड गोड आहे असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेराची संसद १९८८मध्ये उघडली तेव्हा तिच्या छपरावर चक्क हिरवळ होती आणि पोरंटोरं त्या उतारावरून लोळत खाली यायची. आपल्या प्रतिनिधींच्या डोक्यावर लोळायचं! २०१७मध्ये तिथे सुरक्षेसाठी कुंपण घालायला सुरुवात झाली आणि ती मजा संपली. जगभर दारं थोडी थोडी अरुंद होतायत. पण कॅनबेरातही समोरच्या दाराने, तपासणी करून, विनाशिफारस आत जाता येतंच.

'ते छोटे देश, आपली लोकसंख्या बघ,' असं कुणी म्हणेल. मग आपल्याच इतिहासातला आकडा सांगतो. संविधान सभेचं काम चालू असताना तिच्या प्रेक्षक गॅलरीत किती लोक येऊन गेले असतील? ५३ हजार! हा आकडा डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी २६ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात स्वतः सांगितलेला आहे. आता ती वर्षं आठवा. फाळणी झालेली. दिल्ली निर्वासितांनी भरलेली, दंगलींनी पोळलेली. जानेवारी १९४८मध्ये त्याच शहरात गांधीजींचा खून झालेला, तोही सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या प्रार्थनासभेत. गॅलरीला कुलूप लावायला यापेक्षा मोठं निमित्त कुठलं हवं होतं? तरीही लोक येत राहिले आणि वर बसून ऐकत राहिले. डॉ. आंबेडकर मसुद्याचं एकेक कलम समजावून सांगतायत, खाली काकासाहेब गाडगीळ, पंजाबराव देशमुख बसलेत आणि वर कुणी शिक्षक, कुणी कारकून, कुणी कॉलेजचा पोरगा.

ही सभा जिथे भरली तो मध्यवर्ती सभागृहाचा घुमट म्हणजेच आपण 'सेंट्रल हॉल' म्हणतो तो. १४४ खांबांच्या गोल इमारतीतला. लुट्यन्स आणि बेकर यांनी आखलेली ही इमारत १९२७मध्ये सुरू झाली. सप्टेंबर २०२३पासून तिचं नाव 'संविधान सदन'. फोटोत ती शेजारच्या त्रिकोणी इमारतीपुढे आता जरा म्हातारी वाटते. पण पर्यटक म्हणून मला विचाराल तर जीव तिच्यातच अडकतो. २४ जानेवारी १९५०ला सदस्यांनी संविधानाच्या प्रतींवर सह्या केल्या त्या इथेच.

आणि ८ एप्रिल १९२९चा तो प्रसंगही याच इमारतीतला. भगतसिंग २१ वर्षांचे, बटुकेश्वर दत्त १८ वर्षांचे. दोघं प्रेक्षक गॅलरीतच बसले होते. कुणाचा जीव जाणार नाही अशा बेताने बाँब टाकले, पत्रकं भिरकावली आणि पळून न जाता अटक करून घेतली. २०२३च्या त्या प्रकारानंतर अनेकांनी सोशल मीडियावर ही तुलना केली. मला ती मुळीच पटत नाही, आणि का ते सांगतो. १९२९च्या त्या सभागृहात बसलेल्यांना निवडून देण्याचा हक्क देशातल्या मूठभर लोकांना होता. व्हाइसरॉयला हवा तो कायदा तो सभागृहाला डावलूनही आणू शकत होता. वरून ऐकणाऱ्याकडे खरोखर दुसरं काही उरलेलं नव्हतं. आज गॅलरीत बसलेल्याकडे मत आहे. ज्याच्याकडे मत आहे त्याने धूर कशाला सोडायचा? पण मग उलट बाजूनेही विचारायला हवं. ज्याच्याकडे मत आहे त्याला संशयित समजून दारातच का अडवायचं?

बरं, हे सगळं बाजूला ठेवू. समजा मिळाला पास. दिसतं काय?

पहिली गोष्ट म्हणजे फोन जातो. फोन, स्मार्ट वॉच, बॅग, सगळं बाहेर. एकामागून एक तपासण्या. आणि मग तुम्ही आत एका उतरत्या गॅलरीत बसता, साधारण तासभरासाठी. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत, शेजारच्याशी कुजबुजही नाही. स्टोरी टाकता येत नाही. त्यामुळे डोळे आणि कान एवढंच हातात उरतं. सुरुवातीची दहा मिनिटं हात आपोआप खिशाकडे जातो. नंतर खरंच ऐकू यायला लागतं.

नव्या लोकसभेत ८८८ खासदारांची सोय आहे आणि सदस्य आहेत ५४३. त्यामुळे सभागृह भरलेलं असलं तरी थोडं मोकळं वाटतं आणि मोकळं असलं तर फारच मोकळं वाटतं. लोकसभेचा रंग हिरवा, कल्पना मोराची. राज्यसभेचा लाल, कल्पना कमळाची. समोर उंचावर अध्यक्ष, त्यांच्या बाजूला तो बहुचर्चित सेंगोल. खाली टेबलाशी अधिकारी आणि प्रत्येक शब्द टिपून घेणारे प्रतिवेदक, जे काही मिनिटांनी बदलत राहतात. अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक.

टीव्हीवर हेच दिसतं की, असं तुम्ही म्हणाल. नाही दिसत. संसद टीव्ही जो बोलतोय त्याला दाखवतो. तुम्हाला दिसतो तो न बोलणारा. आपल्या जिल्ह्यातल्या धरणावर, कांद्यावर, रेल्वेवर कुणीतरी बोलत असताना आपला खासदार काय करतोय, ऐकतोय की शेजाऱ्याशी गप्पा मारतोय की जागेवरच नाही, हे कॅमेरा सांगत नाही. गोंधळ सुरू झाला की कॅमेरा बहुतेक वेळा अध्यक्षांवर जाऊन थांबतो. गॅलरीतून तो गोंधळ पूर्ण दिसतो, आणि त्यात गंमतही दिसते. आत्ता घसा ताणून ओरडणारे दोन विरोधी पक्षांचे सदस्य कामकाज तहकूब झाल्यावर हसत हसत एकत्र बाहेर पडतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते ढोंग वाटतं. मला मात्र ते बरं वाटतं. भांडण सभागृहातच ठेवून येता येतं, हे आपल्या कॉलेजच्या निवडणुकांमध्ये कुणाला जमतं?

रिकामी बाकंही दिसतील. पहिला धक्का तोच असतो. लोकसभेची गणसंख्या एक दशांश, म्हणजे ५५ सदस्य असले तरी कामकाज चालतं. दुपारनंतर एखाद्या विधेयकावर चर्चा चालू असते, बोलणारा माणूस तयारी करून आलेला असतो, आकडे देत असतो आणि ऐकायला मोजकी डोकी. यावरून लगेच 'सगळे कामचुकार' असं ठरवू नका, कारण संसदेचं बरंच काम स्थायी समित्यांमध्ये होतं आणि त्या बंद दाराआड भरतात. पण तुम्ही तो रिकामेपणा बघितलेला असणं महत्त्वाचं आहे. बघितलं की प्रश्न पडतात. अध्यक्ष आहेत, मग उपाध्यक्ष कुठे? शोधायला जाल तर कळेल की सतराव्या लोकसभेने पूर्ण पाच वर्षं उपाध्यक्ष निवडलाच नाही.

प्रश्नोत्तराचा तास ही सर्वांत बघण्यासारखी गोष्ट. लोकसभेत सकाळी ११ ते १२, राज्यसभेत दुपारी १२ ते १. लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न यादीत असतात, म्हणजे ज्यांना मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं. बहुतेक दिवशी त्यातले निम्मेही होत नाहीत. लेखी उत्तर आधीच छापलेलं असतं, खरी मजा पुरवणी प्रश्नात असते. मंत्र्याला विषय माहीत आहे की मागून येणाऱ्या चिठ्ठ्यांवर तो चाललाय, हे गॅलरीतून अर्ध्या मिनिटात कळतं. व्हायव्हाला बसल्यासारखंच. कुणी मराठीत बोललं तर कान टवकारतात. मराठीतून बोलता येतं, भाषांतर सोबतच चालतं. तुमच्या आजोबांना कधी नाथ पै, मधु दंडवते यांच्याबद्दल विचारा. राजापूरसारख्या मतदारसंघाने लागोपाठ कसे वक्ते दिल्लीला पाठवले हे ते सांगतील, आणि सांगताना जरा हळवेही होतील.

आणि एक क्षण असतो, तो चुकवू नका. विधेयकावर मत घेतलं जातं तो. अध्यक्ष विचारतात, बाजूने असलेले 'हो' म्हणतात, विरोधातले 'नाही', आवाजाच्या अंदाजाने निकाल जाहीर होतो. काही सेकंदांचं काम. पेपरफुटीविरोधातला केंद्राचा कायदा आठवतोय ना? ५ फेब्रुवारी २०२४ला विधेयक मांडलं, ६ला लोकसभेत मंजूर, ९ला राज्यसभेत. पाच दिवसांत सगळं. त्याच वर्षी जूनमध्ये 'नीट'वरून देश पेटला तेव्हा तो कायदा लागू झाला. कायदा चांगला की अपुरा, हा वाद तुम्ही कट्ट्यावर घातलाच असेल. पण ज्यांच्या परीक्षांबद्दल तो होता, त्या वयाची किती मुलं त्या पाच दिवसांत वर बसून ऐकत होती? तुम्हाला नंतर कळलं ते रील्समधून आणि कोचिंग क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून.

म्हणूनच मला शिफारशीची पद्धत खटकते. ती कुणाला आत सोडते यापेक्षा कुणाला बाहेर ठेवते ते बघा. नव्या इमारतीत पहिलं अधिवेशन भरलं, महिला आरक्षणाचं विधेयक आलं, तेव्हा सिनेमातल्या तारकांना खास बोलावून आणलं होतं. आनंद आहे. त्यांनीही बघावंच. पण त्या आरक्षणाचा उपयोग ज्यांना पुढे होणार आहे, त्या कॉलेजमधल्या मुलींसाठी रोज पन्नास-शंभर जागा खुल्या ठेवायला काय हरकत आहे? आधार क्रमांक द्या, काही दिवस आधी नोंदणी करा, पोलीस पडताळणी हवी तर करा, सोडत काढा, दारावर हवं तेवढं तपासा. लग्नाचं हॉल बुकिंग ऑनलाइन होतं, ताडोबाची सफारी ऑनलाइन होते, तिरुपतीचं दर्शन ऑनलाइन होतं. ज्या देशात कोट्यवधी लोकांच्या परीक्षांचे अर्ज ऑनलाइन भरले जातात, त्या देशाला गॅलरीतल्या शंभर जागांची नोंदणी जमणार नाही, हे मला कुणी पटवून दाखवावं.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आहे त्याच नियमात घुसायचं. काही गोष्टी लक्षात ठेवा. ट्रिपची तारीख अधिवेशन बघून ठरवा. अर्थसंकल्पी अधिवेशन जानेवारीअखेरीपासून, पावसाळी साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, हिवाळी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. आणि संसद वर्षभर चालते असं समजू नका. पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत ६७७ बैठका झाल्या होत्या, सतराव्या लोकसभेत २७४. कोविड होता हे मान्य, तरी तो आकडा पुन्हा एकदा वाचा. पाच वर्षांत २७४. तुमची हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली तर हॉल तिकीट अडकतं.

वार निवडता आला तर शुक्रवार निवडा. लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामकाजाचे असतात, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या विधेयकांचे आणि ठरावांचे. १९७०नंतर असं एकही विधेयक कायदा झालेलं नाही. तरी जा. पक्षाचा व्हिप नसल्यासारखी माणसं मोकळेपणाने बोलतात आणि विषयही वेगळे येतात. कामाची वेळ संपल्यावर बॉसचा फोन न उचलण्याचा हक्क मागणारं विधेयक आपल्या बारामतीच्या खासदारांनी मांडलं होतं ते याच प्रकारातलं. कॅम्पस प्लेसमेंटच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी ते तर शोधून वाचाच.

जाण्याआधी लोकसभेच्या संकेतस्थळावर आपल्या खासदाराचं नाव टाका. त्यांनी किती प्रश्न विचारले, कशावर विचारले, सगळं तिथे आहे. मग त्यांच्या कार्यालयाला पत्र लिहा. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने, नावं आणि ओळखपत्रांसह, ट्रिपच्या पुरेसं आधी. अधिवेशन नसतानाही इमारत बघण्याची सोय असते, तिचे नियम बदलत राहतात, ते निघण्याआधी तपासा. लोकसभेचे खासदार दाद देत नसतील तर राज्यसभेचे आहेत, महाराष्ट्राचे १९. तिथली गॅलरी वेगळी आणि शांतही जास्त. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा.

आणि तरीही नाही आलं तर? गॅदरिंग आहेच. युवा महोत्सव, पदवीदान, आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा, कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाला खासदारसाहेब प्रमुख पाहुणे म्हणून येतातच. युवाशक्तीवर बोलतात. भाषण संपल्यावर माइक मागा आणि दोनच प्रश्न विचारा. गेल्या अधिवेशनात तुम्ही गॅलरीचे किती पास दिलेत, आणि त्यातले विद्यार्थ्यांना किती? माइक दिला नाही तर स्टेजमागे सेल्फी काढताना विचारलंत तरी चालेल.